कादंबरीतली विहीर

परवा वाचनालयातून आणलेल्या कादंबरीला ओल्या कागदाचा वास येत होता. शेवटची दोन पानं उरली तेव्हा उठले, पुन्हा बसले. मन लागेना.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं तेव्हाची गोष्ट. साहेबांच्या गाड्या वाढल्या होत्या, पण आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा. घागरी रांगेला लावून बाया सावलीत बसायच्या आणि टँकर येईपर्यंत मी मोठ्यानं कादंबरी वाचून दाखवायचे. शेजारच्या कलावतीमावशी कुणाची भीड ठेवत नसत. रहस्यकथा सुरू केली की म्हणायच्या, "खून कुनी केला ते आधी सांग. मधीच टँकर आला तर जिवाला घोर ऱ्हातो." ऐतिहासिक कादंबरीतला राजा पानभर बोलायला लागला की त्या उठून घागर पुढं सरकवून यायच्या.

त्या दिवशी प्रेमकथा संपत आली होती. नायिकेनं विहिरीत उडी घेतली आणि मी डोळे पुसले.

"हिरीला पानी होतं व्हय?" मावशींनी विचारलं.

सगळ्या हसल्या. मी चिडून पुस्तक मिटलं. मावशी मात्र हसत नव्हत्या.

"मग गावानं दुसऱ्या दिशी कुठलं पानी पेलं गं? लिवलंय का फुडं?"

मी उरलेली पानं चाळली. नायक रडत होता, चंद्र उगवत होता.

"न्हाई," मी म्हणाले. हसणं थांबलं.

परवाच्या कादंबरीतही नायिका शेवटी विहिरीकडे निघाली आहे. शेवट फार सुंदर आहे म्हणतात. मी मात्र काठावरच्या घागरी शोधत बसले आहे. लेखकानं त्या ठेवलेल्याच नाहीत.