आजोबांच्या सेटमधला निळा कंडेन्सर

“अशी वस्तू काचेत शोभते, सर. वाजवत बसायची नसते.”

पाहुण्यांचं हे वाक्य मी स्वयंपाकघरात चहा गाळताना ऐकलं आणि चहा कपाऐवजी बशीत पडला.

“अगं, लक्ष कुठंय तुझं?” आई म्हणाली.

लक्ष भिंतीपलीकडे होतं. तिकडे पपा म्हणत होते, “तेच तर, साहेब. वडील गेल्यापासून मी कुणाला हात लावू दिलेला नाही. दर शनिवारी पुसतो, बस्स.”

मी बशीतला चहा मोरीत ओतला. कप भरायचं काम आईवर ढकललं आणि ट्रे तेवढा उचलला.

हे १९७३ मधलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमच्या नगरच्या घरात, बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात आजोबांचा सेट होता. त्याला आम्ही रेडिओ म्हणत नसू. रेडिओ कपाटावर होता, बातम्यांचा नि गाण्यांचा. सेट म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला लष्करी रिसीव्हर, खरबरीत काळ्या रंगाचा, दोन माणसांनी उचलावा इतका जड. आजोबा लढाईत सिग्नलमध्ये, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या तुकडीत होते. परत आल्यावर त्यांनी लष्करी कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या लिलावातून तो आणला, हौशी रेडिओचा परवाना काढला आणि पुढची वीस वर्षं त्या कोपऱ्यात बसून कधी न पाहिलेल्या माणसांशी मोर्सच्या टिंब-रेघांत गप्पा मारल्या. ते गेले तेव्हा पाठवायचं यंत्र पपांनी रीतसर कळवून दुसऱ्या परवानेवाल्याला दिलं. ऐकायचा सेट मागे राहिला, आणि टिंब-रेघा ठोकायची, लाकडी फळीवर बसवलेली मोर्सची की.

पपा शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांचं आजोबांवर फार प्रेम होतं आणि ते प्रेम दाखवायची त्यांची रीत म्हणजे वस्तू जपणं. सेटवर आईने विणलेलं क्रोशाचं झाकण. पावसाळ्याआधी मागच्या जाळीतून आत डांबरगोळ्यांची पुरचुंडी, लोकरी शालीत ठेवतात तशी. सेट लावायचा मात्र नाही. “बाबांचा हात बसला होता त्यावर,” ते म्हणत. “आपण लावला तर बिघडेल.”

बिघडला तो न लावल्यामुळेच. आदल्या वर्षी पपांनीच बाजारातल्या रेडिओ मेकॅनिकला घरी बोलावलं होतं, फक्त बघायला. त्याने जाळीतून बॅटरीचा उजेड टाकला, आतल्या एका छोट्या नळकांड्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “गुरुजी, कंडेन्सर फुगलाय ह्यो. बसून बसून वाळून जात्यात हे. बदलून देऊ का?” पपांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. आतलं काही काढायचं म्हणजे त्यांना आजोबांचा दात काढल्यासारखं वाटलं असावं.

मी दारामागे उभी होते. मी बहुतेक वेळा दारामागेच असे. शाळा सगळी इंग्रजीत झाली. तिथे माझं इंग्रजी हळू होतं आणि गल्लीत माझं मराठी पुस्तकी होतं, म्हणून दोन्हीकडे कमीच बोलायचं असं मी ठरवून टाकलं होतं. आजोबांना त्याचं काही वाटत नसे. सातव्या वर्षी त्यांनी माझ्या तळहातावर बोटाने टिंबं नि रेघा टपटपवून अक्षरं शिकवली. आम्ही चर्चमध्ये, लांबलेल्या उपदेशात, एकमेकांच्या हातावर बोलायचो. एकदा त्यांनी विचारलं, “भूक लागली?” मी टपटपवलं, “आमेनची वाट बघतेय.” ते इतके खदखदून हसले की पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं.

मेकॅनिक येऊन गेल्यावर आठवड्याने मी त्याच्या दुकानात गेले. काय हवं ते कागदावर लिहून नेलं होतं, म्हणजे बोलावं लागणार नाही.

“ताई, कशाला पाह्यजे हे? भाऊला पाठवा की.”

“भाऊ नाही.”

“मंग वडलांला पाठवा.”

मी कागद पुढे सरकवला. त्याने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि कुणाच्या सेटसाठी हे त्याला कळलं. त्याने मागच्या खोक्यात हात घातला. निळ्या प्लॅस्टिकच्या वेष्टणातला देशी कंडेन्सर काढून दिला. मी पायरी उतरत होते तेव्हा मागून म्हणाला, “एकदम लाईनीवर टाकू नका बरं का. आदी बल्बातून घ्या. लई वर्सं झोपलाय त्यो.”

ते मला माहीत होतं. बरेच दिवस बंद असलेला सेट थेट विजेवर लावायचा नाही. मध्ये एक साधा बल्ब जोडायचा, म्हणजे आत काही बिघाड असला तर बल्ब भडकलेलाच राहतो आणि सेट वाचतो. दुसरा नियमही आजोबांचाच होता. उघड्या सेटमध्ये काम करताना एक हात पाठीमागे. दोन्ही हात आत गेले तर झटका छातीतून जातो. पपा शाळेत आणि आई महिला मंडळात असताना, ओढणीच्या टोकाने डावा हात कमरेला बांधून, मी आजोबांच्या सोल्डरिंग आयर्नने तो कंडेन्सर बदलला. एक स्क्रू घरंगळून कुठे गेला तो सापडला नाही. तिथे मी शिवणाच्या मशीनचा बसवला. बल्ब आधी भडकला, मग हळूहळू मंदावला. खोलीभर डांबरगोळ्यांचा वास सुटला. आणि कानातल्या हेडफोनमध्ये, खरखरीच्या खालून, कुणीतरी टिकटिकलं.

मग मी रोज, पपा नि आई परतेपर्यंत, ऐकू लागले. दुपारी जवळची माणसं ऐकू येत, ऊन कललं की लांबची. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, आजोबा म्हणत. ते खरं होतं. एकाची प्रत्येक रेघ जरा रेंगाळायची, कुणी पायरी चढताना दम घ्यावा तशी. तो बहुतेक दुपारी चारच्या सुमारास हाक द्यायचा आणि पुष्कळदा त्याला कुणी उत्तर देत नसे. मला परवाना नव्हता. पाठवायचं यंत्रही नव्हतं. मी आजोबांची की मांडीवर घेई, जिची तार कशालाच जोडलेली नव्हती, आणि त्याला उत्तर देई. परवान्याच्या परीक्षेचा फॉर्म मागवून तो जाड डिक्शनरीत ठेवला होता. ठरावीक वेगाने मोर्स उतरवून घेता आला पाहिजे, अशी त्यात अट होती. सेट होता म्हणून वेग वाढत होता.

त्या एका वर्षात मी घाबरले नाही असा दिवस गेला नसेल. एकाहत्तरच्या युद्धातल्या अंधाराच्या रात्री लोक विसरले नव्हते. कॅम्प जवळ, आणि कुणाच्या घरात टिकटिक ऐकू आली म्हणून हेरगिरीचं काय काय बोललं गेलं होतं ते मला आठवत होतं. ऐकणं झालं की मी सेट गार होईपर्यंत वर्तमानपत्राने वारा घाली, क्रोशाचं झाकण नक्षीच्या त्याच पाकळीवर बसवी, आणि शनिवारी पपा पुसायला बसले की श्वास रोखून बघत बसे.

आणि आता पुण्याहून हे साहेब आले होते. गिरणीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. लढाईच्या काळातले सेट जमवायचे. त्यांनी त्यासाठी दिवाणखान्याची एक भिंत काचेची करून घेतली होती. पपांशी तीन महिने पत्रव्यवहार चालला होता. पैशाचा प्रश्न नव्हता, पपांनी घेतलेच नसते. सेटखाली पितळी पट्टीवर आजोबांचं नाव कोरलं जाणार होतं. ते पत्र पपांनी आईला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी चष्मा पुसला.

मी ट्रे ठेवला. पाहुणे मऊ बोलायचे, नखं स्वच्छ. त्यांनी चामड्याच्या पाकिटातून स्क्रू ड्रायव्हर काढले आणि सेटमागे खुर्ची ओढली.

“तुमची हरकत नसेल तर आत बघतो. माझ्याकडे येतो तो सेट कारखान्यातून निघाला तसाच असावा लागतो. चालतो की नाही हे मी विचारतसुद्धा नाही. चालवला की झिजला.”

“बघा ना,” पपा म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. 

मी आत जायला हवं होतं. गेले नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिले. पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्यावर ते थांबले, बोटावर घेऊन उजेडात धरला.

“हा ह्याचा नाही.”

“बाबांनी बसवला असेल,” पपा म्हणाले.

“हं.”

मागचं जाळीचं झाकण निघालं. डांबरगोळ्यांची पुरचुंडी त्यांनी दोन बोटांनी उचलून बशीत ठेवली आणि हसू आवरलं. पपाही कसनुसं हसले. मग पाहुणे वाकले. सगळ्या मातकट, मेणचट भागांमध्ये तो निळा कंडेन्सर असा दिसत होता, जशी म्हातारीच्या हातात कुणी प्लॅस्टिकची बांगडी भरावी. मला वाटलं होतं, मी तो फार आत बसवलाय.

“सर, इथं हात लागलाय.”

“शक्य नाही.”

“हे बघा. हा देशी माल आहे. बाजारात कालपरवा आलेला. सोल्डरही ताजं आहे. चांगलं केलंय, पण केलंय.”

चांगलं केलंय. इतक्या भीतीतही ते शब्द मला ऐकू आले, आणि ऐकू आले याची लाज वाटली.

पपांनी वाकून पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. माणसाने मुद्दाम खोटं सांगितलं नसेल आणि तरी तो खोटा ठरला असेल, तर त्याचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

“साहेब, मी तुम्हाला पत्रात लिहिलं ते...”

“तुमचा दोष नाही हो. हे बाजारातले मेकॅनिक! जुना माल दिसला की काढून घेतात, त्याजागी काहीतरी घालतात. कुणी आला होता का?”

पपा सावकाश सरळ झाले. “आला होता. गेल्या वर्षी. मीच बोलावला.” मग म्हणाले, “मी चहा करायला सांगायला आत गेलो होतो. तेवढ्यात.”

“तेवढा वेळ पुरे.”

“आठ वर्षं ओळखतो मी त्याला. तेच म्हटलं, बदलून देऊ का, बदलून देऊ का करत होता.”

“आता असं आहे,” पाहुणे म्हणाले. त्यांनी रुमालाला हात पुसले. “मूळचा कंडेन्सर मिळाला तर तो परत बसवता येईल, आणि आत्ता गाडीत घालून नेतो. न मिळाला तर मात्र... माफ करा. अर्धवट सेट भिंतीत ठेवून काय करू?”

मूळचा कंडेन्सर माझ्या पावडरच्या रिकाम्या डब्यात होता. आजोबा काढलेला भाग कधी फेकत नसत, म्हणून मीही फेकला नव्हता. खोलीतल्या सगळ्यांत फक्त मला माहीत होतं की मी गप्प राहिले तर पाहुणे रिकाम्या हाताने पुण्याला जातील. सेट कोपऱ्यात राहील. उद्या चार वाजता तो रेंगाळणाऱ्या रेघांचा माणूस हाक देईल आणि मी ऐकेन. मला काहीच करायचं नव्हतं. जे मी सगळं आयुष्य करत आले होते तेच, गप्प राहायचं.

पपा दाराशी येऊन चपला घालू लागले.

“कुठं निघालात?” आईने विचारलं.

“दुकानात.”

“रविवारी? ह्या उन्हात?”

“त्याचं दुकान उघडं असतं रविवारी. चार माणसांसमोर विचारतो त्याला. कळू दे बाजाराला.”

“अहो, विचारायचं तर नीट विचारा. त्याची लेकरं तुमच्याच शाळेत आहेत.”

“म्हणूनच जास्त राग येतोय मला!”

पपा कधी आवाज चढवत नसत. एका चपलेचा अंगठा अडकत होता, ते वाकून तो ओढत होते, आणि मला त्यांच्या मानेवरचा घाम दिसत होता. मला तो मेकॅनिक दिसला, पुढ्यात उघडा रेडिओ, वर पाहणारा. तो काय म्हणेल? ताई घेऊन गेल्या म्हणेल? की माझ्याकडे तेव्हा पाहिलं होतं तसं पपांकडे पाहील आणि काहीच म्हणणार नाही? दुसऱ्या गोष्टीची मला जास्त भीती वाटली. मी बोलले तर जुना कंडेन्सर द्यावा लागणार, आणि तो दिला की सेट गाडीत. मी पुन्हा पुन्हा हिशेब मांडला, की कसं बोललं म्हणजे माणूसही वाचेल आणि सेटही. तसं वाक्य मला मराठीत सापडेना, इंग्रजीतही सापडेना.

पपांनी दुसरी चप्पल घातली. पाहुण्यांनी झाकण परत लावायला घेतलं होतं आणि मशीनचा स्क्रू बाजूला ठेवला होता.

मी दारात पपांच्या आडवी उभी राहिले. त्यांना वाटलं मी छत्री द्यायला आले. त्यांनी हातसुद्धा पुढे केला. माझा आवाज फाटका आला, पण आला, आणि पाहुण्यांना ऐकू जाईल इतका मोठा आला.

“पपा, जाऊ नका. त्याने नाही, मी बदललाय. जुना माझ्याकडे आहे, मागाल तर देते. पण सेट नेऊ देऊ नका. मी तो रोज ऐकते.”