सोडामावशीनं घासलेला दगड

सोडामावशी हे काही तिला आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. इस्पितळाच्या धुलाईघरात तिनं उभा जन्म काढला. रक्ताचे, औषधांचे, नाना तऱ्हेचे डाग तिच्या हाताखालून गेले आणि एकानंही परत तोंड दाखवलं नाही. उकळतं पाणी, धुण्याचा सोडा आणि काथ्याचा ब्रश, एवढीच तिची विद्या. घरीही तेच. किटली घासायला बसली की नवरा म्हणायचा, "अगं, भोक पडेल तिला! मी मेल्यावर मला तरी हलक्या हातानं धू."

हा नवरा लढाईत जखमी जवानांची गाडी चालवायचा. लढाईतून धड परत आला, म्हणजे निदान हातापायांनी धड. जगातल्या सगळ्या गोष्टी बोलायचा, त्या गाडीबद्दल मात्र चकार शब्द नाही. म्हातारपणी छातीच्या दुखण्यानं गेला. गावाबाहेर जुन्या सैनिकांची दफनभूमी होती, तिथं त्याला जागा मिळाली. पिवळसर दगडाची उभी पाटी, वर त्याचं नाव, खाली पलटणीचं.

तेव्हापासून मावशी दर आठवड्याला बादली घेऊन तिकडं जायची. आधी नवऱ्याचा दगड, मग जोर उरला तर शेजारचे दोन-चार, असं तिनं ठरवलेलं. पण जोर कसला उरतो! घासता घासता आठवड्याभराच्या बातम्या सांगायच्या असत, सुनेची गाऱ्हाणी असत, भाजीवाल्याचं भांडण असे. शेजारचे बिचारे तसेच हिरवे राहायचे.

वर्षातून एकदा तिथं हजेरी व्हायची. पलटणीतला जुना बिगुलवाला आधी बिगुल वाजवायचा. मग रांगेनं एकेका दगडापुढं थांबून वरचं नाव मोठ्यानं वाचायचा, आणि त्या माणसाचं जे कुणी असेल ते म्हणायचं, "हजर!" ज्याचं कुणीच नाही, त्याच्यासाठी सगळे मिळून म्हणायचे. दगडावरचं नाव झिजून गेलेलं असलं, तर मात्र हाक नाही. बिगुलवाला नुसती मान लववून पुढं सरकायचा. मावशीचा "हजर!" असा खणखणीत, की लेक कानाशी पुटपुटायची, "आई, बाबा बहिरे नव्हते गं."

पुढं मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. दगड कुठं आहे ते पायांना ठाऊक होतं आणि घासायचं कसं ते हातांना, त्यामुळं कित्येक वर्षं तिचं काही अडलं नाही. शेवटी लेकीनं धरून-बांधून ऑपरेशन करवलं. पट्टी निघाली तशी मावशी स्वयंपाकघरात जाऊन ओरडली, "ही पातेली एवढी काळी? आणि घरात कुणाला तोंड नव्हतं का?" सगळे पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी ती बादली घेऊन दफनभूमीत गेली.

दगड लख्ख होता. धुतलेल्या चादरीसारखा, आणि तसाच कोरा. आधी तिला वाटलं, रांग चुकली. मागं जाऊन पुन्हा मोजत आली. मग शेजारच्या दगडावरचं शेवाळ तिनं नखानं खरवडलं. खाली अक्षरं कालच कोरल्यासारखी ताजी. मावशी खाली बसली. बादलीतलं पाणी गार झालं तरी तिनं ब्रश उचलला नाही.

दगड कोरणाऱ्यानं येऊन पाटीवर अंगठा फिरवला. "मावशी, मऊ दगड हा. सोड्यानं याचं पीठ होतं."

"मग पुन्हा कोर की."

"छिन्नी लावली तर पापुद्रे सुटतील. नवा दगड घ्या. पण तो काही हजेरीच्या आत व्हायचा नाही."

म्हणजे यंदा त्याला हाक नाही. लेक म्हणाली, "बरं नाही म्हणून घरीच राहू." मावशी म्हणाली, "मी पुसलंय, तर मीच उभी राहीन."

हजेरीच्या दिवशी बिगुलवाला धापा टाकतच आला. कोऱ्या दगडापुढं थांबला. टोपी काखेत धरली, दगडाकडं नीट पाहिलं आणि मावशीच्या नवऱ्याचं नाव, पलटणीसकट, सबंध वाचलं.

लेकीनं कोपर मारलं तेव्हा कुठं मावशीच्या तोंडून "हजर" निघालं, तेही शेजारच्याला जेमतेम ऐकू जाईल इतकं.

नंतर बाकावर तिनं त्याला गाठलं. "भाऊजी, काय वाचलंत? दगड कोरा आहे."

"कोरा होऊन बरीच वर्षं झाली, वहिनी."

"आणि मला बोलला नाहीत?"

"तुमच्या हातातला ब्रश बघून कुणाची छाती आहे बोलायची!" तो हसला, मग खोकला. "त्याच्या गाडीत मी आडवा पडलो होतो. मी झोपू नये म्हणून वाटभर मला हाका मारत होता. मी ओ दिली नाही की शिव्या घालायचा. त्याचं नाव मला वाचावं लागत नाही, वहिनी." टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला, "पण नवा दगड बसवून घ्या. आता बिगुल फुंकतो तर माझाच जीव बाहेर यायला बघतो."

नवा दगड बसला, आणि पुढच्या हजेरीच्या आत बिगुलवालाही त्याच रांगेत आला. त्या साली नावं वाचायला कुणी परका माणूस होता. दगडावरचं बघून, अडखळत वाचत होता. मावशीनं दोनदा "हजर" म्हटलं. एकदा नवऱ्यासाठी आणि एकदा भाऊजींसाठी, कारण त्यांचं मागं कुणी नव्हतं.

आता ती रिकाम्या हातानं जाते. नव्या दगडाच्या कोपऱ्यावर शेवाळाचा पहिला हिरवा ठिपका दिसला, तेव्हा तिचे हात शिवशिवले. दोन्ही तळवे मांडीखाली दाबून ती बसून राहिली.

"हलक्या हातानं म्हणाला होतात ना," ती दगडाला म्हणाली, आणि मग भाजीवाल्याची गोष्ट सांगू लागली.