पाणी सांडले नाही

माझ्या ताईच्या नवऱ्याला सगळा डेपो पेलामास्तर म्हणायचा. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'मास्तर'. मी दाजी म्हणायचो. पण त्यांच्या पाठीमागे पेलामास्तर म्हणून हसणाऱ्यांत मीही असायचो, खोटं कशाला बोलू.

दाजी आमच्या परिवहन मंडळात नव्या ड्रायव्हरांची परीक्षा घ्यायचे. डेपोच्या मागच्या मैदानावर चुन्याने भला मोठा इंग्रजी आठ आखलेला होता आणि वळणावळणावर लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या. परीक्षेला आलेल्याने त्या आठावरून बस आधी पुढे न्यायची, मग तशीच मागे आणायची आणि सांगितल्या जागी थांबवायची. हे सगळीकडेच असतं. दाजींचं वेगळेपण पेल्यात होतं. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर ते एक कोरडं फडकं पसरायचे आणि त्यावर स्टीलचा पेला ठेवायचे. पेल्यात काठाखाली बोटभर जागा सोडून पाणी. परीक्षा चालू असताना ते रस्त्याकडे बघत नसत, ड्रायव्हरकडेही बघत नसत. नजर पेल्यावर. शेवटी फडक्याला हात लावायचा आणि वहीत शेरा मारायचा: 'पाणी सांडले' किंवा 'पाणी सांडले नाही'. या दोन शेऱ्यांवर आमच्या डेपोतली निम्मी घरं उभी होती.

"पळवता कुणालाही येते रे," ते म्हणायचे, "थांबवता आली पाहिजे. मागे साठ माणसं बसलेली असतात. त्यांच्या पोटातलं पाणी हलता कामा नये."

मी कंडक्टर. मला ड्रायव्हरच्या सीटची फार हौस होती. परवाना काढला, रजा टाकून सराव केला आणि मोठ्या तोऱ्यात मैदानावर गेलो. घरचाच परीक्षक, म्हटलं काम फत्ते. मागे घेताना तिसऱ्या वळणावर ब्रेक जरा जोरात दाबला गेला आणि फडकं ओलं झालं. दाजींनी शेरा लिहिला, वही माझ्यापुढे केली आणि सही कर म्हणाले. आवाजात राग नाही, दिलगिरीही नाही. ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. "सख्ख्या मेहुण्याला नापास करणारा माणूस एक तर देव असतो नाहीतर दगड," ती म्हणाली. मी वरवर फुगलो, पण आतून मला त्या माणसाचा अभिमान वाटला होता. आजही त्या दिवसापुरता वाटतो.

मग नवे अध्यक्ष आले. निवडणुकीत पडलेल्या माणसाला कुठेतरी बसवायला हवं, म्हणून त्यांना आमच्या मंडळावर बसवलं होतं. बसची पायरी किती उंच असते हे त्यांना ठाऊक नसावं. पण त्यांच्यासाठी राबलेली पोरं होती, त्या पोरांचे बाप होते, बापांची मतं होती. त्या सगळ्यांना बसवायला ड्रायव्हरची सीट बरी. भरतीच्या याद्या येऊ लागल्या आणि काही नावांपुढे हिरव्या शाईचा बारीक ठिपका असायचा. डेपोत आम्ही त्याला तीट म्हणायचो. तीट लावलेल्या पोराला कुणाची नजर लागत नाही, असा तो विनोद. हसायचो आम्ही. दुसरं करणार काय?

पहिला तीटवाला दाजींनी बिनदिक्कत नापास केला. आठ दिवसांत त्यांची बदली झाली, तीही लांबच्या डेपोत जुने टायर मोजायला. अकरा महिने ते तिथे एका खोलीत एकटे राहिले. इकडे ताई एकटी, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. ताईचे केस त्या अकरा महिन्यांत पांढरे झाले. अकराव्या महिन्यात सासू गेली आणि दाजी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर ते स्वतःहून अध्यक्षांच्या बंगल्यावर गेले. आत काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, ताईलाही नाही. पंधरवड्यात ते मैदानावर परत आले.

परत आल्यावरची पहिली परीक्षा मी जवळून पाहिली. बस मागे घेताना कंडक्टरने खाली उतरून शिट्टी द्यायची हा आमचा नियम. बारक्या शिट्ट्या म्हणजे 'येऊ दे', एक लांब शिट्टी म्हणजे 'थांब'. मैदानावर त्या कामाला बहुतेक वेळा मला घ्यायचे. त्या दिवशी तीटवाला गाडीत बसला, दाजींनी फडकं पसरलं, पेला ठेवला आणि तो अर्धाच भरेल इतकं पाणी ओतलं. गाडी हिसके खात फिरली. पेल्यातलं पाणी डचमळलं, पण सांडणार कसं? दाजींनी फडक्याला हात लावला आणि लिहिलं, 'पाणी सांडले नाही'.

मी बघत होतो. त्यांनी वही माझ्याकडे वळवली.

"वाच. यात काही खोटं आहे?"

"नाही, दाजी."

"मी आयुष्यात खोटा शेरा लिहिलेला नाही. लिहिणारही नाही."

आणि मी हसलो. मला वाटलं, काय डोकं चालवलंय माणसाने, साप मरतोय आणि काठीही तुटत नाही. त्या हसण्याची मला आज शरम वाटते. कारण अर्ध्याचा पाव पेला व्हायला वर्ष लागलं नाही आणि बघता बघता पाण्याचा नुसता तळ राहिला.

शेवटी अध्यक्षांचा भाचा आला. गोरागोमटा, हसतमुख, वागायला खरंच चांगला पोरगा. आल्या आल्या त्याने दाजींच्या पायाला हात लावला. त्या दिवशी दाजींनी पेला ठेवला आणि पाण्याची बाटली उघडलीच नाही. भाच्याने तीन खुंट्या आडव्या केल्या. मागे येताना मी लांब शिट्टी दिली तरी बस येतच राहिली. मी उडी मारून बाजूला झालो म्हणून हे सांगायला आहे. वर चढून बघतो तर पेला घरंगळून पायरीवर आलेला. दाजींनी तो उचलला, कोरडं फडकं हाताने चाचपलं आणि नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'पाणी सांडले नाही'.

वर्षभराने त्याच भाच्याच्या गाडीवर मला ड्युटी लागली. शेवटच्या थांब्यावर दुपारी गाडी रिकामी झाली. तिथे बस मागे घेऊन वळवावी लागते. परतीच्या प्रवासासाठी एकच बाई आली होती, शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन. ऊन मी म्हणत होतं. मीच तिला म्हणालो, "बाई, गाडी वळेपर्यंत त्या भिंतीच्या सावलीत उभ्या राहा." ती "बरं भाऊ" म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मी बारक्या शिट्ट्या दिल्या. मग लांब शिट्टी दिली. मग आणखी लांब, श्वास संपेपर्यंत. हाताने पत्रा बडवला. गाडी थांबायच्या ऐवजी जोरात आली. भाच्याने ब्रेकच्या जागी दुसरंच पेडल दाबलं होतं. पुढचं मी कुणाला सांगत नाही. एवढंच सांगतो, की गाठोडं सुटलं नव्हतं.

चौकशी लागली. भाच्याने लिहून दिलं, की कंडक्टरने थांबायची शिट्टी दिलीच नाही. पाहणारं तिसरं कुणी नव्हतं. मग प्रश्न एवढाच उरला: गाडी थांबली नाही ती शिट्टी नव्हती म्हणून, की ड्रायव्हरला ती थांबवताच येत नव्हती म्हणून? पहिलं खरं ठरलं तर बाई माझ्यामुळे मेली. नोकरी तर जाणारच, पण तो मेलेला जीव जन्मभर माझ्या नावावर. मी आरोपी, माझं कोण ऐकणार? दुसरं खरं आहे हे सांगू शकणारा माणूस एकच होता आणि तो माझ्या ताईचा नवरा होता.

मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. दाजी अंगणात खुर्चीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

"दाजी, परवा साक्षीला तुम्हाला बोलावलंय."

"माहीत आहे."

"त्या दिवशी पेला कोरडा होता."

त्यांनी दोरा दातांनी तोडला.  म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही. तुला माहीत आहे."

मला एवढं पुरलं. घरी येऊन बायकोला म्हणालो, काळजी मिटली. माझ्याएवढा मूर्ख मीच! या माणसाचं खरं बोलणं म्हणजे काय, ते मैदानावर उभं राहून मी इतकी वर्षं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी ताई आली. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिने. पाणीसुद्धा न घेता दारातच बसली.

"तुझ्या दाजींना काही वाकडं विचारू नकोस," ती म्हणाली. "जे विचारतील त्याचं उत्तर ते देतील. त्याच्यापुढे त्यांना नेऊ नकोस."

"ताई, माझी नोकरी जाईल. एका बाईचा जीव गेलाय."

"मला कळत नाही का? पण त्यांनी कोरड्या पेल्याचं कबूल केलं की मागचे सगळे शेरे बाहेर निघतील. पेन्शन जाईल, क्वार्टर जाईल. कदाचित बेड्या पडतील. तू अजून हातपाय हलवू शकतोस रे. ते आता काय करतील?"

ती रडली नाही. रडली असती तर मी भांडलो असतो.

चौकशी डेपोच्याच वरच्या खोलीत झाली. लांब टेबल, त्यामागे चौकशी अधिकारी, बाजूला टंकलेखक. मागच्या बाकावर मेलेल्या बाईचा नवरा बसला होता, मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरून. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि माझ्याकडे न बघता उभे राहिले.

"ही वही तुमची?"

"होय साहेब."

"ड्रायव्हरची परीक्षा तुम्हीच घेतली?"

"होय साहेब."

"शेरा आहे, पाणी सांडले नाही. बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"पाणी सांडलं नव्हतं?"

"नव्हतं साहेब."

साठ माणसांच्या पोटातलं पाणी हलू नये म्हणून झटणाऱ्या माझ्या दाजींच्या स्वतःच्या पोटातलं पाणी त्या घडीला हललं नाही. निदान दिसलं तरी नाही. पेल्यात पाणी किती होतं, हे त्या अधिकाऱ्याने विचारलं नाही. त्याला काय पडलं होतं? त्याचीही बदली होऊ शकत होती.

मग तो माझ्याकडे वळला. "नियमाप्रमाणे तुम्हाला साक्षीदाराला प्रश्न विचारता येतो. विचारायचं आहे काही?"

एकच प्रश्न होता. पेल्यात पाणी होतं का? चार शब्द. आणि मला खात्री आहे, मी विचारलं असतं तर दाजी खोटं बोलले नसते. 'नव्हतं' म्हणाले असते आणि तिथेच खाली बसले असते. ते आता माझ्याकडे बघत होते. चष्म्याआड डोळे ओले होते का, मला सांगता येणार नाही. मला फक्त दारात बसलेली ताई दिसत होती.

"नाही," मी म्हणालो.

टंकलेखकाने तेही टिपून घेतलं.

महिन्याभरात मला बडतर्फीचा कागद आला. शिट्टी न देऊन निष्काळजीपणा, त्यामुळे एका महिलेचा मृत्यू. बायको कागद वाचून म्हणाली, "तुमची जीभ कुणाच्या घरी गहाण होती?" भाचा दुसऱ्या डेपोत गेला, तिथेही गाडीच चालवतो. दाजी वेळेवर निवृत्त झाले. हारतुरे झाले, भाषणं झाली. मी गेलो नाही.

त्यानंतर ताई पुन्हा आली. दाजींनी अध्यक्षांकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. मंडळाच्या वाहनतळावर ठेकेदाराला राखणदार हवा होता, बंगल्यावर जाऊन चिठ्ठी तेवढी आणायची. सहा महिने घरी बसलो होतो आणि बायकोने शेजारच्यांचे कपडे धुवायला घेतले होते. मी गेलो. कोणत्या तोंडाने गेलो म्हणाल तर याच.

बंगल्याच्या व्हरांड्यात भिंतीला धरून रांग होती. माझ्या पुढच्या माणसाने वळून बघितलं. त्या बाईचा नवरा. हातात तीच पिशवी. त्यानेही मला ओळखलं.

"नुकसानभरपाई अडकलीये," तो म्हणाला. "यांची चिठ्ठी असल्याशिवाय कागद हलत नाही."

मी मान हलवली. रांग दोन पावलं सरकली.

"शिट्टी वाजवली होती तुम्ही?"

"वाजवली होती. आईशप्पथ वाजवली होती."

"मग त्या दिवशी साहेबांनी 'विचारायचं आहे काही?' म्हटलं, तेव्हा 'नाही' असं का म्हणालात? मी मागेच बसलो होतो. ऐकलं मी."

ताईचं नाव घ्यावं असं वाटलं, पण त्याला ताईशी काय करायचं होतं? त्याची बायको गेली होती. तेवढ्यात त्याला आत बोलावलं. तो पाच मिनिटांनी बाहेर आला, चिठ्ठीची चौकोनी घडी करून पिशवीत ठेवली, पिशवीचं तोंड बांधलं. मला वाटलं, आता हा थुंकणार माझ्यावर. थुंकला असता तर बरं झालं असतं.

तो माझ्याजवळ थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "आत खुर्ची आहे, पण बसू नका. बसलेलं त्यांना चालत नाही."

मी आत गेलो आणि उभाच राहिलो.