बेंगळुरूचं सांबार आणि माझा उजवा डोळा

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन साखरेपायी दोनदा पुढे गेलं होतं. "साखर ताब्यात येईपर्यंत मी हात लावणार नाही," डॉक्टरीणबाईंनी सुनावलं. पुढची तपासणी महिन्यावर, आणि मधेच बेंगळुरूहून थोरल्या बहिणीचं, अक्काचं, बोलावणं आलं: नातीचं बारसं. घरच्यांनी मोडता घातला. मी म्हटलं, जाणार आणि साखर सांभाळून परत येणार.

सांगलीहून स्लीपर बस, तिकीट चौदाशे. पिशवीत फुटाणे, काकड्या, गोळ्या आणि साखर मोजायचं यंत्र. सकाळी राजाजीनगरात पोचलो तर अक्का दारातच उभी.

"तू येणार म्हणून घरात साखरेचा कण ठेवला नाही बघ."

मी निर्धास्त जेवलो. नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, सांबार, अननसाचं गोज्जू, म्हणजे चिंचेतली रसभाजी. शाकाहारी माणसाचे या शहरात लाडच होतात. दोन तासांनी बोट टोचलं, तर दोनशे अठ्ठ्याऐंशी.

"अक्का, गोड काय होतं यात?"

"काही नाही रे. स्वल्प गूळ. सांबारात, गोज्जूत, भाजीत. त्याशिवाय चव येते का? आणि गूळ म्हणजे काय साखर आहे?"

मी कपाळाला हात लावला. शेजारी तिचे यजमान, आमचे अण्णा, मुंग्या येणारे पायांचे तळवे चोळत बसले होते. दहा वर्षांचा मधुमेह. मी यंत्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांचा आकडा माझ्याहून वर निघाला.

अक्काने यंत्र हातात घेऊन आकडा पाहिला. मग म्हणाली, "दहा वर्षं मीच घालत होते की रे." मी एवढंच म्हणालो, "मायेनं घातलास. आता मायेनंच थांबव."

दुसऱ्या दिवशी तिघं मेट्रोने बसवनगुडीला गेलो. बाजारातून मेथी, दोडका, घेवडा घेतला. उभ्याने बिनसाखरेची कॉफी प्यालो; अण्णांनी तोंड वाकडं केलं, पण कप संपवला. घरी आधी कोशिंबीर, मग भाजी, उसळ आणि शेवटी लिंबाएवढा मुद्दा, असा क्रम ठरवला. सांबार चिंचेवर भागवलं. "सरी, ठीक आहे, गिळता येतं," अण्णांनी निकाल दिला. जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं: इथे सांबार घेण्याआधी गूळ आहे का, ते विचारायचं.

तिसऱ्या दिवशी बारसं. इथल्या पंगतीत केळीच्या पानावर आधी पायस, म्हणजे खीर, वाढतात आणि घरच्या कर्त्याने तर नाही म्हणायचंच नसतं. वाढपी अण्णांसमोर आला. मी काही बोलायच्या आत अक्काने त्यांच्या पानावर हात आडवा धरला.

"अक्का, शुभकार्य आहे," विहीणबाई कुजबुजल्या.

"म्हणूनच," अक्का म्हणाली. "नातीच्या लग्नाला हे चालत यायला हवेत."

वाढपी पुढे सरकला. माझ्या पानाकडे तर त्याने बघितलंच नाही.

सांगलीत परतलो. तपासणीपर्यंत तोच क्रम हट्टाने पाळला आणि ऑपरेशनची तारीख मिळाली. प्रवासाचा खर्च सगळा मिळून पाच हजारांच्या आत. तिकडून आणलं काय म्हणाल, तर जेवणाचा क्रम तेवढा. अक्का रोज सकाळी अण्णांच्या यंत्राचा फोटो पाठवते. आजवर मी फोनवरचा तो बारीक आकडा माझ्या नातवाकडून वाचून घेत होतो. ऑपरेशन होऊन डोळ्याची पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा तो माझ्या उजव्या डोळ्याने वाचला. एकशे बत्तीस. खाली अक्काने लिहिलं होतं, "आज हे गच्चीचा जिना चढले."