तात्या माझ्या अंगात आले तेव्हा

माझ्या अंगात आमचे तात्या आले, तेव्हा मी आळेफाट्याला दाढ काढून मोटरसायकलवर घरी परतत होतो.

तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. जिवंत होते तोवर आमच्या बोरी गावात त्यांचा दरारा असा, की ते रस्त्याने निघाले की कुत्रीसुद्धा उठून बाजूला व्हायची. (मी निघालो की तीच कुत्री नुसती कूस बदलतात.) अंगात काळं जर्किन, डोळ्यांवर काळा गॉगल आणि डाव्या गालात तंबाखूचा असा बार, की निम्मं बोलणं तोंडातच राहायचं. शेजारच्या रानातले गणपतभाऊ दर नांगरटीला आमचा बांध थोडा थोडा कोरायचे आणि हद्दीचे दगड आमच्याकडे सरकवायचे, म्हणून दोघांचं हाडवैर. "गणप्या, मेलो तरी ह्या बांधावरून हलायचो नाय!" असं तात्या भर चौकात बोलले होते.

मग तात्या वारले आणि बांध सांभाळायची जबाबदारी माझ्यावर आली. ती मी गणपतभाऊंना रोज लांबून रामराम करून पार पाडत होतो.

त्या दिवशी लई थंडी म्हणून काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, त्यांचं जर्किन मला घालायला दिलं. डोळ्यांत चिलटं जाऊ नयेत म्हणून गॉगल मीच उचलला. डॉक्टरांनी सुई मारली, डावी दाढ उपटली आणि गालात कापसाचा हा मोठा बोळा कोंबला. येताना आमच्या रानापाशी डोकं गरगरायला लागलं. गाडी लावली आणि टेकायला म्हणून बांधाकडे निघालो, तर समोर गणपतभाऊ ट्रॅक्टरवर! आणि नांगर आमच्या बांधात!

मला भांडायचं नव्हतं. (मला कधीच भांडायचं नसतं.) फक्त सांगायचं होतं, की दाढ काढलीय, चक्कर येतेय, जरा बांधावर बसतो. पण जीभ माझी राहिली नव्हती.

"गणफ्या..." 'गणपतभाऊ'मधला भाऊ कापसात अडकला होता. "गाड गाडली!"

"को... कोणाला गाडली?" गणपतभाऊंचे डोळे बाहेर आले.

"हितं... बांधावर बशतो!"

एवढं बोलून मी तोंडातला लालभडक बोळा थुंकलो.

गणपतभाऊंनी चालू ट्रॅक्टरवरून उडी मारली. "तात्या आला! तात्या आलाऽऽ!" करत ते सुसाट सुटले ते सगळ्यात जवळच्या घरात. ते घर नेमकं आमचंच! गैरसमज दूर करावा म्हणून मी मागे पळालो. मी "थांफा! थांफा!" म्हणावं आणि त्यांनी वेग वाढवावा!

अंगणात काकू आणि माझी बायको कांदे निवडत होत्या. गणपतभाऊ काकूंच्या पाठीमागे दडले. "वैनी, मालकांना आवरा! बाळूच्या अंगात शिरल्यात!"

काकूंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता बाई रडणार. काकूंनी पदर खोचला आणि खराटा उचलला.

"आलात? बरं झालं! लग्न झाल्यापासून शिवनेरीला न्हेतो, न्हेतो करत व्हता. न्हेलं का? गडाच्या खाली जल्म काढला, पर गड नाय दावला!" फाट्!

"काकू, मी फाळू!"

"फाळाचं मागनं बगू! माझ्या भावाला भर मांडवात हावरट म्हणालात, ते आठवतंय का?" फाट्! "आन् मी बोलाय लागले की उठून जायचात. आता उठा बरं!" फाट्! फाट्!

मी केविलवाण्या नजरेनं बायकोकडे पाहिलं. (गॉगलमुळे केविलवाणी नजर आतच राहिली.) मी दाढ काढायला गेलोय हे तिला ठाऊक होतं. ती पुढे आली, माझ्या तोंडाला कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाली, "काकू, जरा दमानं. तात्या म्हणत्यात, हद्दीचे दगड आजच्या आज जाग्यावर पायजेत."

"लावतो! आत्ता लावतो!" गणपतभाऊ हात जोडून म्हणाले. "फकस्त त्यांना बांधावर बसू नका म्हणावं!"

आणि खरंच लावले! दिवस मावळायच्या आत सगळे दगड जुन्या जागी आले. तोवर माझी जीभ ताळ्यावर आली होती. अंगणात जमलेल्यांना मी सुई, बधिरता, कापूस, सगळं समजावून सांगितलं. कोणाचा विश्वास बसेना.

"दाढ बधिर झाली म्हणून माणूस धीट व्हत नाय, राव," एक जण म्हणाला. "पर काकू, एवढ्या गावात तात्याला हाच कसा गावला?"

मन मोकळं झाल्यामुळे काकू लई दिवसांनी प्रसन्न दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कोणात शिरायचं म्हंजे आतल्या माणसाशी भांडण आलं. आमच्या बाळूत आडवायला हाये कोण!"

सगळं अंगण हसलं. बायको तर सगळ्यांत मोठ्यानं. मी ताडकन उभा राहिलो. असं कडक उत्तर देणार होतो, की काकूंनी पुन्हा तोंड उघडलं नसतं! पण आतून कोणी काही सुचवलंच नाही.