साबण लावलेले आबा आणि माझं सोलर

गेल्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या घरात विजेतलं सगळ्यात जास्त कळणारा माणूस मी होतो.

परंदवडीत आमच्या गच्चीवर सोलर बसलं, तेव्हा बसवणाऱ्यानं बजावलं होतं, "भाऊ, बाहेरची लाइट गेली की घर एकट्या सोलरवर चालंल. तवा एका टायमाला एकच मोठी वस्तू लावायची!" मी तसा कागद लिहून स्वयंपाकघरात चिकटवला. सुनंदा, म्हणजे आमची ही, तो काटेकोर पाळायची. मी पाळत नसे. (लिहिला होता ना मी!)

एका गुरुवारी रुपालीचे, आमच्या लेकीचे, सासरे, आबा, साताऱ्याहून आले. आबांना त्यांच्या घरी सोलर बसवायचं होतं आणि माझं बघून ते ठरवणार होते. लेकीच्या सासरी आपलं वजन वाढवायची अशी संधी पुन्हा कुठली! त्यात गुरुवार, म्हणजे आमच्याकडे दर आठवड्याला बाहेरची लाइट जायचा वार. मी खूश! आबांना पाण्याची मोटर चालताना दिसावी म्हणून मी सकाळपासून टाकीसुद्धा भरू दिली नव्हती.

"आंघूळ केल्याबिगर मी जेवत न्हाई," म्हणत आबा न्हाणीत शिरले. लगेच मी मोटर लावली. मग वॉशिंग मशीन. मग इंडक्शनची शेगडी.

"अवो, कागद वाचा की!" सुनंदा ओरडली.

"तू गप! आबांना आत ऐकू जाऊ दे, काय काय चालतंय ते!" म्हणत मी मिक्सरही फिरवला. रिकामाच!

सोलरचा इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला.

"ह्यो का वरडतोय?" आतून आबा.

"जोरात काम चाललंय म्हणतोय, आबा!"

आणि सगळं ठप्प! टाकीतलं होतं नव्हतं ते पाणी संपून नळ फुसफुसला.

"भाऊ, पानी गेलं! तोंडाला साबन हाय!"

मी गच्चीवर धावलो. सूर्य जागेवर होता. मग बसवणाऱ्याला फोन केला. काय काय लावलं होतं ते ऐकून त्यानं मला सगळी यादी पुन्हा म्हणायला लावली. शेवटी म्हणाला, "सगळं बंद करा. पाच मिन्टं थांबा. मग फकस्त मोटर."

ती पाच मिनिटं मी न्हाणीच्या दाराशी उभा!

"आबा, थंडी वाजतीय का?"

"थंडी न्हाई वो. साबन वाळतोय."

"ऊन मात्र लय कडक पडलंय, न्हाई?"

आतून रिकामा तांब्या वाजला. माझ्या डोळ्यांपुढे बिचाऱ्या रुपालीचा चेहरा यायला लागला. आता हिला सासरी काय काय ऐकावं लागेल! तेवढ्यात सुनंदा शेजारच्या मावशींकडून भरलेली बादली घेऊन आली. "आबा, दाराशी बादली ठेवलीय, घ्या." (हे मला सुचलंच नव्हतं!)

जेवताना मी ताटातून मान वर केली नाही. दुसरी भाकरी संपवून आबा एकदम खो खो हसले. "भाऊ, तोंड नका पाडू. सोलर मी बसवनार!"

माझी छाती फुगली. "मग मी येतो की साताऱ्याला! सगळं समजावून सांगतो."

"तुमी हितंच ऱ्हावा," आबा हात जोडून म्हणाले. "वैनीस्नी धाडा."

सुनंदा गेली. दोन दिवसांसाठी गेलेली ती आठ दिवस राहिली, कारण आबांच्या आळीतल्या आणखी दोन घरांनी तिला सल्ल्याला बोलावलं. सोलरचा सल्ला आमच्या घरातून थेट साताऱ्यापर्यंत जातो, हे मी परंदवडीत सगळ्यांना अभिमानानं सांगतो. कुणाचा, ते अजून कुणी विचारलेलं नाही!