वेगाचा काटा

श्रीरामपूरला स्टेशनजवळ लग्नाकार्याला लाउडस्पीकर भाड्यानं देणारा एक जण होता. रेकॉर्ड लावण्याआधी तो ती स्वतःच्या शर्टाला पुसायचा आणि मग बोट वर करून सगळ्यांना गप्प करायचा. समोर गिऱ्हाईक असलं तरी.

बरीच वर्षं बंद पडलेल्या आमच्या लाडक्या बँड पार्टीची नवी रेकॉर्ड आली, तेव्हा आम्ही दहाबारा जण त्याच्या दुकानात जमलो. दोन मिनिटांत कुरकुर सुरू झाली.

"म्हातारे झाले गड्या! पयल्यासारखं न्हाई ऱ्हायलं."

रेकॉर्ड पुन्हा लावताना दुकानदारानं ग्रामोफोनच्या वेगाचा काटा हळूच पुढं सरकवला. ते फक्त मला दिसलं. बँड दौडत सुटला. "व्हय! ह्यो खरा!" म्हणत दोघं तिथंच नाचायला लागले.

सगळे गेल्यावर मी हसत म्हणालो, "फसवलंत की लोकांना!"

"फसवलं न्हाई, मास्तर. बँडवाले लई दिसांनी आल्यात, त्यांस्नी जरा हात दिला."

मग त्यानं काटा मागं घेतला आणि रेकॉर्ड शर्टाला पुसली.

"आता त्यांच्या दमानं ऐकू," तो म्हणाला, आणि मी काही विचारणार तोच बोट वर केलं.